पडदा कुठे लावायचा?

प्रस्तावना

मुंबईत तयार झालेला सिनेमा खानदेशात कसा पोहोचायचा, हे पाहायचं तर भुसावळपासून सुरुवात करावी लागते. चित्रपट विकण्यासाठी देशाची जी वाटणी फार पूर्वी झाली, तिच्यातल्या प्रत्येक भागाला धंद्यात सर्किट म्हणतात, आणि त्यांची काही नावं अजून इंग्रजांच्या आमदानीतलीच चालू आहेत. ‘सी. पी. बेरार’ सर्किटच्या वितरकांची ठाणी अमरावती आणि भुसावळ. जंक्शनवर रिळांच्या पेट्या उतरायच्या, आसपासच्या तालुक्यांच्या थेटरांत फिरायच्या, आणि खेळ उतरला की तीच रिळं घेऊन परत जायच्या. कुठल्या गावात मारधाड चालेल, कुठे देवाचा सिनेमा, याचा अंदाज बांधणारी माणसं या मुलखात पिढ्यान् पिढ्या आहेत. इथली गोष्ट भरून मुंबईकडे गेलेली पेटी मात्र शोधावी लागते.

हे पुस्तक अशा उलट्या दिशेने निघालेल्या पेट्यांचं आहे. जळगाव, धुळे, नंदुरबार आणि शेजारचं मालेगाव एवढ्या टापूत ज्यांनी स्वतःच्या हिमतीवर चित्रपट केले, किंवा बाहेरून येऊन इथल्या माणसांसोबत केले, त्यांच्या आयुष्याचे आणि कामाचे लेख इथे एकत्र आले आहेत. खानदेशचे १९०६ मध्ये पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पुढे त्यांचेच जळगाव आणि धुळे झाले, आणि १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार निघाला. मालेगाव आज नाशिक जिल्ह्यात आहे, पण १८६९ मध्ये तो जिल्हा होईपर्यंत ते खानदेशातच होतं. तेव्हा मालेगावला या पुस्तकात पाहुणा समजू नये.

स्वतंत्र चित्रपटकर्त्याबद्दल लिहिताना आपण नेहमी एकच चौकशी करतो: पैसे कुठून आणले आणि कॅमेरा कुणाचा होता? दागिने मोडले, शेत गहाण टाकलं, मित्रांनी वर्गणी काढली, अशा हकिकती ऐकायला बऱ्या वाटतात. माझं मत असं की ही चौकशी अर्ध्यावर थांबते. पैसे कसेही उभे राहतात, गरजू माणूस कॅमेराही मिळवतो. खरी अडचण चित्रपट पुरा झाल्यावर सुरू होते, कारण तो दाखवायचा कुठे, कुणाला आणि कुणाच्या मर्जीने, हे ठरवणारे दुसरेच असतात. ज्याने स्वतःचा पडदा लावला तो बऱ्याच अंशी सुटला. ज्याला तो लावता आला नाही, त्याच्या स्वातंत्र्याची मुदत शूटिंगच्या शेवटच्या दिवसापर्यंतच. पुढचं सगळं याच बाजूने पाहिलं आहे.

आरंभ शेजारच्या जिल्ह्यातला आहे. त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, सरस्वतीबाईंनी घर सांभाळून फिल्मला भोकं पाडण्यापासूनची कामं केली, आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यानंतर फाळक्यांनी नाशिकला बस्तान हलवलं. निर्माता, दिग्दर्शक, छायाचित्रकार, रसायनं हाताळणारा आणि गावोगाव खेळ करणारा हा एकच माणूस होता. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली आणि हिशेबाच्या वह्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या. फाळक्यांचं भागीदारांशी जमलं नाही हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भांडणाला स्वभावदोष म्हणून सोडून देण्याची आपल्याकडे रीत आहे, ती मला पटत नाही. पुढे कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी आणि मग प्रभातने स्टुडिओचा संसार उभा केला. त्या वैभवात एकट्या माणसाला जागा उरली नाही.

एकटा माणूस परत आला तो १९५५ मध्ये, ‘पथेर पांचाली’बरोबर. सत्यजित राय यांचे पैसे संपले तेव्हा पश्चिम बंगाल सरकारने मदत केली. मग १९६० मध्ये केंद्राचं फिल्म फायनान्स कॉर्पोरेशन आलं, त्याच वर्षी पुण्यात प्रभातच्या आवारात फिल्म इन्स्टिट्यूट निघाली, आणि १९६९ च्या ‘भुवन शोम’पासून नव्या सिनेमाचा बोलबाला झाला. ही झाली पहिली परंपरा, सरकारी कर्जावरच्या कलात्मक चित्रपटाची. तिने फार मोलाचं काम केलं. पण कर्ज देणाऱ्यांनी पडदा दिला नाही. त्यातले कितीतरी चित्रपट महोत्सवांत वाहवा घेऊन डब्यात राहिले, आणि लोकांपर्यंत पोहोचले ते दूरदर्शनने रात्री उशिरा दाखवले तेव्हा.

या परंपरेत एक अपवाद घडला आणि त्यात खानदेशच्या घरातली मुलगी होती. शिरपूरचे स्वातंत्र्यसैनिक आणि मंत्री शिवाजीराव पाटील यांची कन्या स्मिता. ती ज्यात होती त्या श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’साठी (१९७६) गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये दिले. चित्रपट लागल्यावर तेच लोक ट्रक भरभरून तो पाहायला गेले. निर्माता आणि प्रेक्षक एकच झाल्यावर वितरकाचं काय चालणार? सहकाराची एवढी मोठी परंपरा असलेल्या महाराष्ट्रात, साखर कारखाने आणि सूतगिरण्या काढणाऱ्या पट्ट्यात, हा प्रयोग पुन्हा कुणी का केला नाही, हा प्रश्न मला कायम सतावतो. केरळात दिग्दर्शक जॉन अब्राहम आणि त्यांच्या ओडेसा मंडळींनी लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘अम्मा अरियान’ (१९८६) केला आणि गावोगाव फिरून दाखवला. आपल्याकडे वर्गणी गणपतीला आणि कीर्तन सप्त्याला मिळते, सिनेमाला नाही.

दुसरी परंपरा चळवळीच्या माहितीपटाची. तिचं सर्वांत मोठं नाव आनंद पटवर्धन, जन्म १९५० चा, मुंबईचा. १९७४ मध्ये बिहारच्या आंदोलनात त्यांनी उसन्या सुपर-८ कॅमेऱ्याने चित्रण केलं, ते पडद्यावर टाकून १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने पुन्हा टिपलं, आणि त्यातून ‘क्रांती की तरंगें’ उभी राहिली. आणीबाणीत ती तुकड्या-तुकड्यांनी देशाबाहेर गेली. तिथून ‘हमारा शहर’ (१९८५), ‘राम के नाम’ (१९९२), ‘जंग और अमन’ (२००२), ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११), ‘विवेक’ (२०१८) असा चाळीसहून अधिक वर्षांचा प्रवास आहे, आणि त्यातला मोठा भाग कोर्टात गेला आहे. सेन्सॉरने सुचवलेले कट नाकारायचे, हायकोर्टात जायचं, जिंकायचं, मग दूरदर्शनने चित्रपट दाखवावा म्हणून पुन्हा कोर्टात जायचं. पटवर्धनांचे चित्रपट लांबतात, त्यांची भूमिका आधीच ठरलेली असते, अशा तक्रारी होतात आणि त्यांत थोडं तथ्य आहे. पण पडद्यासाठी इतक्या चिकाटीने कायदेशीर लढाई दुसऱ्या कुणी भारतीय दिग्दर्शकाने क्वचितच केली असेल. शिवाय कोर्टाचा निकाल येईपर्यंत ते थांबले नाहीत. वस्त्या, कॉलेजं, कामगारांच्या सभा, जिथे भिंत मिळेल तिथे त्यांचे खेळ झाले.

पटवर्धन आणि सिमंतिनी धुरू यांची ‘नर्मदा डायरी’ (१९९५) आपल्या टापूतली. सरदार सरोवराचं पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा शिरलं ते अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेलीत, आणि तेव्हा हा तालुका धुळे जिल्ह्यात होता. महाराष्ट्राची ३३ गावं बुडिताखाली जायची होती. १९९२ मध्ये जागतिक बँकेने नेमलेल्या मोर्स समितीचा अहवाल आला, १९९३ च्या मार्चमध्ये बँकेचं कर्ज थांबलं, धरण मात्र थांबलं नाही. त्या वर्षांत मणिबेलीची माणसं घर सोडायला तयार नव्हती आणि कॅमेरा त्यांच्यासोबत तिथे जात-येत होता. धुळ्या-जळगावच्या शहरी वाचकाला सातपुड्याच्या त्या कोपऱ्यात काय चाललंय याची खबर जेमतेम होती, हे मान्य करायला हवं. त्याच खोऱ्यावर अली काझिमी, संजय काक, इंग्लंडची फ्रॅनी आर्मस्ट्राँग अशा अनेकांनी माहितीपट केले. एका डोंगरपट्ट्यावर इतके कॅमेरे रोखले गेले, तरी त्यांतला एकही पावरा किंवा भिल्ल दिग्दर्शकाच्या हातात नव्हता. हा दोष एका व्यक्तीचा नाही. पण चळवळीच्या सिनेमाचा अभ्यास करताना तो टाळूनही चालत नाही, आणि या पुस्तकातल्या नर्मदेवरच्या लेखाने तो टाळलेला नाही.

तिसरी परंपरा बाजारातली आहे. तिला शिकलेल्या समीक्षेने बराच काळ दारात उभं केलं नाही, म्हणून इथे जास्त थांबतो.

यंत्रमागांचं गाव मालेगाव. शुक्रवारी लूम बंद, आणि कामगारांच्या विरंगुळ्याचं ठिकाण म्हणजे सिनेमा. नासिर शेख हा तरुण तिथे व्हिडिओ पार्लर चालवायचा. हिंदी चित्रपटांबरोबर चॅप्लिन, बस्टर कीटन, ब्रूस ली यांच्या कॅसेटी लावायचा, आणि गिऱ्हाईक कंटाळतं कुठे, शिट्टी कुठे मारतं, हे पाठीमागे उभं राहून पाहायचा. दोन व्हीसीआर जोडून, कंटाळवाणा भाग कापून, एका चित्रपटात दुसऱ्याचे तुकडे मिसळून तो आपला खेळ तयार करायचा. संकलनाचं शिक्षण म्हणतात ते हेच. पायरसीविरुद्ध पोलिसांचे छापे पडू लागले तेव्हा त्याने ठरवलं की दुसऱ्याचा माल नको, आपणच काढू. लग्नाच्या शूटिंगचा व्हिडिओ कॅमेरा, लूमवरचे आणि हॉटेलांतले मित्र, आणि पन्नास हजारांच्या आसपास खर्च. २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ आला. त्यातले दरोडेखोर घोड्यांऐवजी सायकलींवर येतात. क्रेनसाठी बैलगाडी वापरली गेली आणि ट्रॉलीसाठी सायकल.

या जुगाडाचं कौतुक आता पुष्कळ झालं आहे. मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते हे की नासिरकडे पडदा आधी होता आणि चित्रपट नंतर आला. पुण्यात शिकलेल्या दिग्दर्शकाला जे आयुष्यभर मिळत नाही, ते त्याच्या हाताशी पहिल्या दिवसापासून होतं: रोज तिकीट काढणारा ओळखीचा प्रेक्षक. म्हणून मूळ चित्रपट विडंबनात उलटासुलटा करताना कुठली गोष्ट बोचेल आणि कुठली हसवेल, हे त्याला कुणाला विचारावं लागलं नाही. ‘शोले’ दंतकथा झाला होता, तो मालेगावात आणताना वीज जाणं, गटारी, बेकारी हे सगळं आपोआप आत आलं. मात्र हाच पडदा त्याची मर्यादाही होता. पार्लरच्या तिकिटावर पुढचा चित्रपट निघू शकतो, मोठा चित्रपट निघत नाही. खर्च वाढला की गणित फसतं.

फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात नासिर ‘मालेगाव का सुपरमॅन’ करताना दिसतो. चित्रण चालू असताना कॅमेरा पाण्यात पडतो, पैसे संपतात, लेखक फरोग जाफरी मुंबईची स्वप्नं पाहत राहतो. तंबाखूच्या राक्षसाशी लढणारा सुपरमॅन झालेला लूम कामगार शफीक तोंडाच्या कर्करोगाने गेला. तो माहितीपट भारतातल्या थेटरांत लागला २०१२ मध्ये, शफीक गेल्यानंतर. पुढे रीमा कागती यांनी याच मंडळींवर ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ केला, तो २०२४ मध्ये टोरांटोला दाखवला गेला आणि २८ फेब्रुवारी २०२५ ला इथे प्रदर्शित झाला. पायरसीच्या कॅसेटींपासून सुरू झालेली गोष्ट जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीच्या नावाने परत आली. याला न्याय म्हणायचं की व्यवहार, हे वाचकाने ठरवावं.

मालेगावनंतर ‘खानदेशी’ हा सीडीच्या वेष्टणावरचा शिक्का झाला. विनोदी हिंदी, मध्येच अहिराणीचा हेल, चौकातली भांडणं, लग्नातली फजिती. या सीडी खानदेशाबाहेरही खपल्या. २०११ च्या जनगणनेत खानदेशी मातृभाषा सांगणारे १८ लाखांहून जास्त होते. एवढ्या लोकांच्या भाषेत थेटरात लागणारा चित्रपट विरळा, पण सीडीने त्यांना पडद्यावर आपला हेल ऐकवला. ‘काय भो’ म्हणणारं पात्र हिंदी सिनेमात नोकर म्हणून तरी येतं का, याचा विचार करून पाहावा.

चौथी वाट सध्याच्या मराठी चित्रपटाची, आणि तिच्यावर खानदेशचे शिवाजी लोटन पाटील भेटतात. त्यांचा ‘धग’ स्मशानात राबणाऱ्या कुटुंबाचा आहे: बापाचा धंदा नको म्हणणारा मुलगा आणि त्याच्यामागे उभी राहिलेली आई. ६० व्या राष्ट्रीय पुरस्कारांत पाटलांना सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. २०१३ च्या मार्चमध्ये ही बातमी आली, आणि चित्रपट थेटरांत लागला २०१४ मध्ये. राष्ट्रपतींच्या हस्ते पदक घेतलेल्या दिग्दर्शकाला पडद्यासाठी वर्षभर थांबावं लागलं. पार्लरवाल्या नासिरला एक दिवसही थांबावं लागलं नव्हतं. पुढे ‘हलाल’मध्ये त्यांनी तलाक आणि हलालाचा विषय घेतला, आणि भोंग्याच्या आवाजाचा त्रास होणाऱ्या आजारी बाळाची गोष्ट सांगणाऱ्या ‘भोंगा’ला ६६ व्या पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला. दोन्ही विषय गावातल्या मुस्लिम घरांतले, आणि दोन्हींत शेजाऱ्याची नजर आहे, न्यायाधीशाची नाही. पाटलांवर आजवर जेवढं लिहून यायला हवं होतं तेवढं आलेलं नाही. पुरस्काराच्या दिवशी सत्काराचा फ्लेक्स लागतो आणि चर्चा तिथेच संपते.

जत्रेतल्या तंबूचा उल्लेख केल्याशिवाय हा नकाशा पुरा होत नाही. ट्रकवर प्रोजेक्टर, मैदानात राहुटी, शेजारी तमाशाचा फड, समोर भोंग्यावरून चाललेला पुकारा. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांचा ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) महाराष्ट्रातल्या या फिरत्या टॉकीजचे अखेरचे दिवस दाखवतो. डिजिटल प्रोजेक्शन आल्यावर रिळं मिळेनाशी झाली. ज्या गावात पक्कं थेटर कधीच नव्हतं, तिथला पडदाही त्याबरोबर गेला.

त्या पडद्याची जागा मोबाइलने घेतली आहे, आणि हे पुस्तक आज येण्याचं कारण तेच. मालेगावचा छोटू दादा यूट्यूबवर कोट्यवधी लोक पाहतात. ‘हाई झुमका वाली पोर’ हे अहिराणी गाणं ज्यांना अहिराणीचं एक वाक्य येत नाही अशांच्या वरातींतही वाजतं. सेन्सॉरचा दाखला नको, वितरकाची अनामत नको, भुसावळची कचेरी नको. मग सगळे मोकळे झाले म्हणायचं का? मला तसं वाटत नाही. कुठला व्हिडिओ कुणापुढे आणायचा हे आता एक यंत्र ठरवतं आणि त्याच्याशी घासाघीस करता येत नाही. सर्किटचा वितरक निदान चहाला बोलवायचा. जे एकदा चाललं तेच पुन्हा करायला लावण्यात हे यंत्र त्याच्याही पुढे आहे. छोटेखानी विनोदाचं पीक जोमात आहे, आणि दीड तासाचा अहिराणी चित्रपट मात्र अजून पडदा शोधतो आहे. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने २०२५ मध्ये सनडान्स महोत्सवाचं मोठं पारितोषिक मिळवलं, त्यामुळे मराठी खेड्यातली शांत गोष्ट जगात जाऊ शकते हे सिद्ध झालं. अमेरिकेतला रस्ता खुला आणि तालुक्याचा बंद, अशी सध्याची गंमत आहे.

पुस्तकाच्या काही उणिवाही सांगायला हव्यात. चाळीसगावचे केकी मूस यात नाहीत. ते छायाचित्रकार, सिनेमावाले नव्हेत, म्हणून संपादकांनी त्यांना वगळलं. पण आडगावी राहून, बाजाराकडे पाठ फिरवून, टेबलावर मांडलेल्या वस्तूंतून अख्खे देखावे उभे करणारा हा माणूस १९८९ मध्ये जाईपर्यंत जे जगला, ते एकट्या चित्रकर्त्याचंच जिणं होतं. त्यांना यात आणायला हवं होतं, असं माझं मत आहे.

दुसरी उणीव विषयातच आहे. खानदेशात चित्रपट करणारे बहुतेक पुरुष, आणि त्यांच्यावर किंवा त्यांच्या मुलखावर चित्रपट करणाऱ्यांत फैझा खान, रीमा कागती, सिमंतिनी धुरू अशा बाहेरून आलेल्या स्त्रिया. मालेगावच्या चित्रपटांत नायिकाही बाहेरगावाहून आणाव्या लागल्या. ज्या मातीत कवयित्री बहिणाबाई झाल्या, तिथल्या बायकांचा कॅमेरा अजून आलेला नाही. मोबाइल प्रत्येकीच्या हातात आहे, तेव्हा तो आला असेल आणि आपल्यालाच दिसला नसेल, असंही होऊ शकतं.

वाचकाने लेख छापलेल्या क्रमानेच वाचावेत असं नाही. मालेगाव आधी वाचावं आणि त्याला लागूनच मणिबेली. एकाला बाजार हवा आहे, मुंबई हवी आहे, शिट्ट्या हव्या आहेत. दुसऱ्याने बाजाराचं दार कधी ठोठावलंच नाही आणि मनोरंजनाच्या सिनेमाला तो प्रश्नाचाच भाग मानतो. दोघेही स्वतंत्र म्हणवतात, दोघांनीही स्वतःचा पडदा लावला, आणि समोरासमोर बसले तर तासाभरात त्यांचं वाजेल. संपादकांनी हे भांडण मिटवायचा प्रयत्न केलेला नाही. दोन्ही बाजूंच्या लेखकांनी एकमेकांचे लेख वाचून काही ठिकाणी उत्तरंही दिली आहेत, आणि ती बऱ्यापैकी तिखट आहेत.